देवापासून सात पावलं

जऊळक्याच्या स्टेशनापासून आमच्या गावाकडे जाणारी पायवाट जिथे रूळ ओलांडायची, तिथे माझ्या लहानपणी एक पिवळी पाटी उभी होती. तिच्यावर तीन भाषांत एकच धमकी लिहिलेली. मराठीत ‘अनधिकार प्रवेश करू नये’, हिंदीत जवळपास तेच, आणि इंग्रजीत एक लांबडा शब्द, जो मी सातवीत असताना अक्षरं जुळवून वाचला होता. ट्रेसपास. बाबांच्या डोक्यावर वांग्यांचं गाठोडं, त्यांच्या हातात माझा हात, आणि आम्ही त्याच पाटीला वळसा घालून रूळ ओलांडत होतो. ही पाटी कोणासाठी आहे, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, पाहुण्यांसाठी; ज्यांना रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याला माहीत आहे.

पुढे कितीतरी वर्षं ट्रेसपास म्हणजे रस्ता माहीत नसणं, अशीच माझी पक्की समजूत होती. आता तिथे रुळांखालून रस्ता झाला, पाटीही गेली, आणि मी वाशीमला भाषांतराचं काम करते. इंग्रजी कागद येतात, मराठी होऊन परत जातात. त्या कागदांतून हा शब्द दर दोन-चार महिन्यांनी माझ्या टेबलावर येतोच. त्याच्यासाठी अतिक्रमण लिहावं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरची पानटपरी आणि तिला उचलायला आलेला जेसीबी उभा राहतो. घुसखोरी लिहावं, तर सरहद्द आणि बंदुका आल्या. आगळीक हा माझा आवडता शब्द, पण तो सरकारी कागदात घातला की साहेब चष्म्याच्या वरून पाहतात.

एकदा वैतागून मी या शब्दाची कुंडलीच काढली. जाडजूड कोश उघडला, तर कळलं की हे बेणं लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेलं आहे, आणि त्याचा मूळ अर्थ एवढाच, की पलीकडे पाऊल टाकणं. बास. त्यात ना गुन्हा, ना जमीन, ना पाटी. फ्रेंचमध्ये तर मरण्यालाही हाच शब्द होता, कारण मेलेला माणूस पलीकडेच गेलेला असतो. मग पाप आलं, चूक आली, आणि कुंपण-बिंपण सगळ्यात शेवटी. आपल्या अतिक्रमणाचंही तेच. त्यातला क्रम म्हणजे पाऊलच. वामनाने तीन पावलांत अख्खं त्रिभुवन घेतलं, त्याला कोणी नोटीस काढली नाही. उलट आपण कौतुकाने गोष्ट सांगतो. आणि दसऱ्याला तर हद्द ओलांडणं हे पुण्याचं काम आहे. मला या शोधाचा इतका आनंद झाला की मी तो ऑफिसात चौघांना सांगितला. चौघांनीही चहा प्यायला आणि आपापल्या कामाला लागले.

खरं तर मला एवढ्या लांब लॅटिनपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्या गावात मी वाढले तिथे या शब्दाला राहायला जागाच नव्हती. घरात येणारं माणूस दारात थांबत नसे. शेजारीण थेट चुलीपर्यंत यायची, भांड्यावरचं झाकण उचलून आज काय शिजतंय ते पाहायची, मीठ कमी असलं तर सांगायची, आणि मग कशासाठी आली ते आठवायची. बेल वाजवून आलेला माणूस म्हणजे एक तर बँकेचा किंवा मतं मागायला आलेला.

वावरात मात्र कायदा होता, आणि तो कडक होता. दुसऱ्याच्या वावरातून जाताना हरभऱ्याचे दोन घाटे तोडावे, वाळूक तोडून खावं, शेंगा खाव्या, कोणी काही म्हणणार नाही. विचारायचंही नाही. पण खायचं ते तिथेच, वावरात बसून. पोटात नेलं तर चालतं, पदरात नेलं की चोरी. एकदा मी शेजारच्या काकाजींच्या वावरातून फ्रॉकमध्ये घाटे भरून घरी आणले, तर माईनं, म्हणजे माझ्या आईनं, मला तशीच हात धरून परत नेलं आणि त्यांच्याच वावरात बसवून सगळे खायला लावले. संध्याकाळपर्यंत माझं पोट दुखत होतं, काकाजी धुऱ्यावर बसून हसत होते.

आता हे काकाजी कोण, ते सांगायला हवं. आमच्या वावराला लागून त्यांचं वावर. मध्ये मातीचा उंचवटा, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. बाबा आणि काकाजी यांची दोस्ती चाळीस वर्षांची, म्हणजे माझ्याहून जुनी. दोघांचीही भाजी मालेगावच्या बाजारात जाते. बाबांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे पहाटे काकाजींच्या मोटारसायकलवर पुढे काकाजी, मागे बाबा आणि दोघांच्या मध्ये वांग्याचं पोतं, अशी ही वरात निघते. रस्ताभर भांडतात. कशावरून, ते बाजार येईपर्यंत दोघांनाही आठवत नाही.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता बाबांचा फोन आला, की रविवारी ये आणि चांगला कागद घेऊन ये. माझ्या घरच्यांचा एक समज आहे, की भाषांतर करणारी बाई म्हणजे वकिलाच्या एक पायरी खाली. मी विचारलं, कशाला? म्हणाले, अर्ज लिहायचा आहे. मला वाटलं, वावरातली विजेची डीपी जळाली असेल. रविवारी एका बारशाला जावं लागलं, पुढच्या रविवारी ऑफिसचं काम निघालं, असं करत करत मी गेले तेव्हा दसरा चार दिवसांवर आला होता. आणि घरात पाऊल टाकल्यावर कळलं की बाबा दीड महिन्यापासून काळीपिवळी जीपने बाजारात जात आहेत, मांडीवर वांग्याचं पोतं घेऊन.

झालं होतं ते असं. आमच्या वावराच्या दूरच्या कोपऱ्यात आमचा देव आहे. देव म्हणजे सात गोटे, चुना लावलेले. कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या आधी बायका त्या देवापुढे दहीभात ठेवतात, पहिलं बोंड वाहतात, त्याला सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही. हे सगळं बायकांचं काम, पुरुष तिकडे फिरकत नाहीत. पुरुषांना त्या देवाचा एकच उपयोग, आणि तो आजोबांनी बाबांना शिकवून ठेवला होता. देवापासून धुरा सात पावलं. कधी वाद झाला तर देवापाशी उभं राहायचं आणि सात पावलं मोजायची.

तो कोपरा कित्येक वर्षं दोन्हीकडून पडीक होता. तरोट्याचं तण माजलेलं, धुरा पाण्याने खरडून गेलेला, मध्ये एक निंबाचं झाड. ते झाड कोणाचं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. त्या साली काकाजींनी आपली बाजू साफ केली आणि तूर पेरली. बाबा एक दिवस सहज तिकडे गेले आणि पाहतात तो काय, आपला देव निंबाखाली आणि त्याच्या चहूबाजूंनी काकाजींची तूर. देवाला नांगराचा धक्का लागू नये म्हणून एवढीशी गोल जागा तेवढी सोडलेली.

दर साली नांगराचं एक तास जास्त काढून धुरा कोरणारी माणसं आमच्या तालुक्यात कमी नाहीत. पण काकाजींनी असं करावं, या विचाराने बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी विचारलं-सवरलं काही नाही. सरळ गावातल्या चहाच्या हॉटेलावर गेले आणि चार माणसांत काकाजींना म्हणाले, “लेका, धुरा त गिळलाच, देवासकट गिळला.”

काकाजींनी हातातला कप खाली ठेवला. म्हणे, “तुले तसं वाटते, त तसंच समज.” आणि उठून गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तर हे प्रकरण मला त्या रविवारी सुपारी कातरत सांगण्यात आलं. मी म्हटलं, एकदा जाऊन विचारा तरी. बाबा म्हणाले, चोराला विचारायचं काय. मला त्यांचा राग आला. चाळीस वर्षं ज्याच्या मागे गाडीवर बसलात त्याला चोर म्हणताना जीभ कशी अडखळली नाही, असं मी तोंडावर म्हटलं. त्यांनी अडकित्त्यात दुसरी सुपारी धरली. पण त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की त्यांना झोप लागत नाही. आणि हेही कळलं, की हा अर्ज एकदा तहसिलीत गेला, मोजणीवाले साखळी घेऊन आले, की मग धुरा कुठेही निघो, ही दोन माणसं या जन्मात पुन्हा एका गाडीवर बसणार नाहीत.

माईची निराळीच अडचण होती. कापूस फुटून पांढरा झाला होता, सीतादही व्हायचं होतं, आणि देव होता काकाजींच्या तुरीत. बाबांनी सांगून ठेवलं होतं की निकाल लागेपर्यंत त्या वावरात पाय ठेवायचा नाही. बाकीच्यांची वेचणी सुरू झाली, आमची बोंडं झाडावरच लोंबत होती.

मी कागद काढला. मनात म्हटलं, लिहिता लिहिता बाबांचा राग उतरेल. नाहीतर मी असं मराठी लिहीन की तहसिलीत कोणाला कळणार नाही. बाबा खाटेवर ताठ बसले आणि सांगू लागले. माई बाजूलाच चुलीवर भाकरी थापत होती.

पहिल्याच ओळीत गाडी अडली. मी लिहिलं, ‘शेजाऱ्याने आमच्या जमिनीत अतिक्रमण केले आहे.’ वाचून दाखवलं, तर बाबा म्हणाले, हे काढ. अतिक्रमण टपऱ्यांचं असते, तो काय टपरीवाला आहे काय? मी घुसखोरी सुचवलं. ते तर त्यांना मुळीच पटलं नाही. तो शेजारच्या देशातून आला का, म्हणे. बळकावली? बळकावायला तो काय गुंड आहे? चोरली? यावर बाबा म्हणाले, चोरी नको लिहू, त्याची पोरगी द्यायची आहे अजून. उल्लंघन म्हटलं, तर म्हणाले, ते दसऱ्याचं. शेवटी मी माझा लाडका शब्द काढला, आगळीक. बाबांनी तो दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, हा बरा आहे, पण एवढ्याशा शब्दासाठी तहसीलदार थोडाच येईल वावरात.

मला हसू आवरेना. माणूस फिर्याद करायला बसला होता आणि आरोपीची अब्रू सांभाळत होता. मी म्हटलं, शब्द राहू द्या, आधी हकिकत सांगा, शब्द मागून घालू. मग बाबांनी घसा साफ केला आणि मुद्द्याचं सांगितलं. ‘आमचा देव बापजाद्यांपासून निंबाच्या झाडाखाली आहे. देवापासून धुरा सात पावलं. सबब निंबाचं झाड आणि त्याच्यापुढे सात पावलं जमीन आमची आहे.’

भाकरी करपल्याचा वास आला. माईची भाकरी करपलेली मी जन्मात पाहिली नाही. तिने ती तव्यावरून काढली नाही, तशीच बसून राहिली, आणि चुलीकडे पाहत म्हणाली, “देव म्या हलवला.”

बाबांना ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि कळलं नाही. तिने मग नीट सांगितलं. देव पहिले होता आमच्याच कोपऱ्यात, मधोमध, उघड्यावर. आठ-दहा वर्षांमागे तिच्या गुडघ्याचं दुखणं सुरू झालं. उन्हात मांडी घालून बसवेना, उठवेना. पलीकडे निंबाची सावली होती, आणि झाडाचा आधार धरून उठता येत होतं. त्या साली तिने देवाला हात जोडले, त्याची माफी मागितली आणि देव सावलीत नेला. धुऱ्याच्या पलीकडे. तिला वाटलं होतं, देवाला कसला आला धुरा.

“एकटीनं नेला?” बाबांनी विचारलं.

“माह्यानं गोटे उचलत होते काय? भाऊजी होते तिकडं. त्यायनं नेऊन देल्ले. चप्पल काढून.”

भाऊजी म्हणजे काकाजी. मी पेन खाली ठेवलं. बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते म्हणाले, “मंग त्यानं सांगतलं काहून नाही?”

“तुमी इचारलं काय? तुमी त चार मानसात गिळला म्हनलं. मंग तो काय म्हनन, तुह्या बायकोनं देव हलवला? माह्यं नाव चहाच्या हॉटेलावर घेन?”

बाबा देवावरून मोजतात, हे माईला त्या घटकेपर्यंत माहीतच नव्हतं; धुऱ्याचा वाद वेगळाच असेल, असं तिला वाटत होतं. आजोबांनी सात पावलं मुलाला सांगितली, सुनेला कोण सांगणार? आणि देव हलला, हे बाबांना माहीत नव्हतं, कारण बायकांच्या देवाकडे कोण पाहणार? एकाच घरात, एकाच चुलीवरची भाकरी खात, दोघांनी दोन वेगळे देव दहा वर्षं सांभाळले होते. आणि ज्याला दोन्ही माहीत होते तो माणूस दीड महिना चोर म्हणवून घेत गप्प बसला होता. मला काकाजींच्या त्या गप्प बसण्याने फार गलबलून आलं. आम्ही केलेल्या आगळिकीला लॅटिनमध्येही शब्द नसेल.

बाबा उठले, टोपी घातली, आणि म्हणाले चला. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. माई करपलेली भाकरी तव्यावर टाकूनच उठली, गाडग्यातलं दही आणि सकाळचा भात डब्यात घेऊन निघाली. तिला वाटलं, मिटलंच आहे तर सीतादहीही उरकून घ्यावं. आमच्या माईचं असं आहे.

काकाजी निंबाखालीच बसले होते, विळ्याला धार लावत. आम्ही तिघं आमच्या कोपऱ्यात पोचलो. धुरा म्हणायला फक्त एक गवताची रेघ उरली होती. बाबा त्या रेघेपाशी आले आणि थांबले. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं असेल, ते सगळं तिथे विसरले असावेत. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, “येऊ काय?”

काकाजींनी मान वर केली. इतका वेळ मला वाटत होतं की ते रागावतील, किंवा हसून सोडून देतील. पण त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “चाळीस साल झाले, तू कधी इचारून आला नाही. चोर म्हनला ते मी गिळलं. पन आज धुऱ्यावर उभा राहून इचारून राह्यला. इतका परका झालो काय मी?”

बाबा खाली मान घालून उभे राहिले. माफी मागणं त्यांच्या खानदानात कोणाला जमलेलं नाही, मलाही जमत नाही. या क्षणी ते मागे वळले, तर सगळं संपलं, हे मला दिसत होतं, आणि माझ्याजवळ असलेल्या सगळ्या कोशांतला एकही शब्द उपयोगाचा नव्हता.

मग बाबांनी पाऊल उचललं आणि रेघेपलीकडे ठेवलं. दुसरंही ठेवलं. सरळ तुरीच्या ओळीत शिरले. तिथे काकाजींच्या वाळकाचा वेल पसरला होता. बाबा खाली वाकले, पानं बाजूला सारली, एक चांगलं पिकलेलं वाळूक पाहिलं आणि तोडलं. विचारलं नाही. गुडघ्यावर आपटून त्याचे दोन तुकडे केले, निंबाखाली जाऊन काकाजींना खेटून बसले, एक तुकडा त्यांच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः खाऊ लागले. काकाजींनी विळा बाजूला ठेवला. त्यांनीही एक घास तोडला. मग काकाजी म्हणाले की हे जरा कच्चं आहे, तुला वाळूक पाहायची अक्कल कधीच नव्हती. बाबा म्हणाले, बियाणंच भिकार आहे. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

माई अजून अलीकडेच उभी होती, डबा छातीशी धरून. तिने मला म्हटलं, जा, मलेही एक फोड घेऊन ये. मी निघाले, तर काकाजींनी तिथूनच हात वर केला. वाळूक वावराबाहेर जाणार नाही, म्हणाले. कायदा तो कायदा. खायचं असेल तर वहिनींनी इथे यावं. देवही इथेच आहे.

माईनं माझ्या खांद्यावर हात टेकला, लुगडं वर खोचलं आणि दुखरा पाय आधी पलीकडे टाकला.